पेट्या परत आल्या तो दिवस

गावातलं वाचनालय म्हणजे एक खोली, पाच कपाटं, सहा खुर्च्या आणि ग्रंथपालबाई. लोकांनी तिथे येऊन वाचावं म्हणून बाईंनी बावीस वर्षं जिवाचं रान केलं. लोक तोंडावर "येतो, येतो" म्हणत आणि पाठ फिरली की विसरत. शेवटी बाईंनीच हट्ट सोडला. माणसं इथे येत नाहीत ना, मग माणसं जिथे ताटकळतात तिथे पुस्तकं जातील, असं ठरवून त्यांनी गावातल्या तिघांना गाठलं: सलूनवाला दादा, दूध डेअरीचे काका आणि दवाखान्यातली सिस्टर.

तिघांकडे चाळीस-चाळीस पुस्तकांची एकेक पेटी गेली. अट एकच, पुस्तक घरी न्यायचं नाही. आपला नंबर आला की पानात आपल्या नावाची चिठ्ठी घालायची, पुस्तक पेटीत ठेवायचं आणि पुढच्या खेपेला तिथून पुढे वाचायचं. एकेका पुस्तकात सात-सात चिठ्ठ्या दिसू लागल्या. डोक्यावर चार केस उरलेले लोकही आठवड्याला केस कापायला येऊ लागले. डेअरीची रांग पुढे सरकेना, कारण पुढच्या बाईला प्रकरण संपवायचं असे. काका त्यावरून कुरकुरत, पण चार पुस्तकांत त्यांचीच चिठ्ठी होती.

बाईंना याचं फार कौतुक. फक्त आपली रिकामी खोली त्यांना बघवत नसे.

आणि मग शहरातल्या कार्यालयातून पत्र आलं. ज्या वाचनालयांत वाचक येत नाहीत ती बंद करून पुस्तकं शहरात न्यायची, असं ठरलं होतं. गुरुवारी अकरा वाजता साहेब तपासणीला येणार होते. बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी तिघांना सांगून ठेवलं, साहेबांना तुमच्याकडे घेऊन येते, पेट्या दाखवते.

गुरुवारी सकाळी बाई कुलूप उघडायला गेल्या, तर तिघंही पेट्या घेऊन दारात उभे.

"अहो, हे काय?"

"कपाटं अर्धी रिकामी दिसली तर साहेब तुम्हाला बोलेल," काका म्हणाले. "आमच्या बाईंना कोणी बोललेलं आम्हाला नाही चालायचं."

"एकेक पुस्तक पुसून आणलंय," सिस्टर म्हणाली.

"आणि आम्ही तिघांनी मिळून त्या चिठ्ठ्यांचा कचरापण साफ केला," दादा म्हणाला. "एकूण एक जाळून टाकल्या."

लोक वाचतात याचा बाईंकडे तेवढाच पुरावा होता. तिघांना चांगलं फैलावर घ्यावं असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिघं शाबासकीच्या आशेने बघत होते, आणि त्या मायेपुढे बाईंचा राग टिकेना. त्यांनी मुकाट्याने कपाटं उघडून दिली.

शेवटचं पुस्तक लागतंय तोच साहेब आले. त्यांनी गच्च भरलेली कपाटं पाहिली, मग रिकाम्या खुर्च्या पाहिल्या.

"पुस्तकं छान ठेवलीत. कोणाचा हात लागलेला दिसत नाही."

बाईंनी पेट्यांचं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं.

"त्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"जाळल्या, साहेब," दादा पुटपुटला.

"बाई, मला जे दिसतं तेच लिहावं लागतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. गळ्यात सलूनचं फडकं, एका गालाला साबणाचा फेस. दादा त्यांना तसंच सोडून आला होता.

"दादा, तू येईपर्यंत मी करू काय? पेटी कुठाय?" असं म्हणत त्यांनी कपाटातून आपलं पुस्तक ओढलं, उलटंपालटं केलं, झटकलं. "माझी चिठ्ठी?"

"काढली," दादा म्हणाला.

"काढली? मग मी कुठवर आलो होतो ते आता कसं कळणार?"

"बसा आणि शोधा," बाई म्हणाल्या.

ते बसले. पाठोपाठ डेअरीच्या रांगेतल्या दोन बायका किटल्यांसकट आल्या. दवाखान्यातून खोकत एक आजी आल्या. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, आणि सगळ्यांना एकच उत्तर. अर्ध्या तासात सहाही खुर्च्या भरल्या, मग खिडकीचा कट्टा भरला, मग लोक जमिनीवर बसले.

"अहो काकू, या पुस्तकातल्या मामाचं लग्न कुठल्या प्रकरणात होतं हो?" फेसवाल्या गृहस्थांनी विचारलं.

"सांगू नका कोणी," कोपऱ्यातून कोणीतरी खेकसलं. "मी अजून तिथवर पोचलेली नाही."

हळूहळू ज्याला त्याला आपलं पान सापडलं. पण सापडल्यावर उठला कोणीच नाही. साहेब भिंतीला टेकून उभे होते, कारण त्यांनी आपली खुर्ची आजींना दिली होती. त्यांनी खोलीतली माणसं मोजली. मग त्यांनी उभ्याउभ्याच शेरा लिहिला, एक प्रत बाईंच्या हातात दिली आणि जमिनीवरच्या माणसांतून जपून वाट काढत निघून गेले.

बाईंनी वाचलं: "वाचनालय चालू ठेवावे. खुर्च्या अपुऱ्या आहेत, तातडीने वीस पाठवाव्यात."

त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि कागद तिघांपुढे धरला.

दादाने वाचून सुटकेचा श्वास टाकला. "मग बाई, नेऊ ना आता पेट्या परत?"

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. डोळे पुसले.

"उद्या न्या रे," त्या म्हणाल्या. "आज राहू देत सगळे इथेच."