आमराईतल्या रसिकांना विनंती

आमच्या राहुरीच्या संगीत सभेचं सूचनापत्रक दरवर्षी मीच लिहिते. लोकांना कसं वागावं हे सांगायची मला मनापासून हौस आहे. सभा मुळा धरणाच्या रस्त्यावरच्या आमराईत भरते, जानेवारीतल्या एका रविवारी, संध्याकाळी पाचला. शाल आणा, ऊन उतरलं की गारठा पडतो. चपला पिशवीत घालून जवळ ठेवा. मंचाकडे पाय पसरू नका. आलाप चालू असताना उठू नका, वेफर्सची पाकिटं फोडू नका. आणि फर्माईश तर अजिबात करू नका. गाणारा काही उसाच्या रसाची गाडी लावून बसलेला नसतो.

यंदा अंबिकाबाई गाणार होत्या, माझ्या गुरू. वय सत्त्याहत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ही शेवटची सभा असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. पहिला राग त्या गाणार, मग जया एकटी वीस मिनिटं, आणि शेवट पुन्हा त्यांचा. जया त्यांच्याकडे तीन वर्षं शिकत होती. मी एकोणीस वर्षं. बँकेतून सुटले की थेट त्यांच्या घरी, ताप असला तरी. मला कधी वीस मिनिटं मिळाली नाहीत. मी तंबोऱ्यावर बरी, एवढंच त्या म्हणायच्या, तेही दुसऱ्यांना.

जया पाथर्डीकडची, ऊसतोड करणाऱ्या घरातली, इथं कृषी विद्यापीठात शिकायला आलेली. गळा असा की ऐकताना मला राग यायचा. सोवळेपणाचा आव कशाला आणू, मत्सरच होता तो. तिच्या घरी उन्हाळ्यात तिचं लग्न उरकायचं चाललं होतं. वडिलांनी एकच सवलत दिली होती. एकदा येऊन ऐकतो, लोक तुझ्या गाण्याला माना डोलावताना दिसले, तर लग्न दोन वर्षं लांबवतो. हे तिनंच मला विश्वासानं सांगितलं होतं.

तिचे वडील, काकासाहेब, साडेचारलाच आले. जवळच्याच कारखान्याच्या फडावर त्यांची तोडणी चालू होती, मुकादमाकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. धुतलेला सदरा, टोपी, हाताच्या भेगांत उसाचा काळा चीक. माझं पत्रक त्यांनी दोनदा वाचलं आणि मला गाठलं.

"ताई, आमाला ह्यातलं काय कळत न्हाई," ते म्हणाले. "पोरीला खाली बघायला लागंल असं माझ्या हातून काय व्हायला नको. तेवढं सांगा."

मी सगळं नीट सांगितलं. कुठं बसायचं, टाळ्या कधी वाजवायच्या, मांडी अवघडली तर काय करायचं. ते शाळेतल्या मुलासारखी मान हलवत होते. मग मी म्हटलं, पहिला राग संपला की बाई पाणी पितात, तेव्हा उभं राहून हात जोडायचे आणि म्हणायचं, बाई, भैरवी ऐकवा. घरच्या माणसानं असं मागितलं की बाईंना बरं वाटतं.

भैरवीनं मैफल संपते आणि त्यानंतर कुणी गात नाही, हे आमच्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. बाईंचं तर त्याहून कडक. श्रोत्यानं भैरवी मागितली म्हणजे त्याला आपण पुरे झालो, मग ओढत बसायचं नाही, असं त्या आम्हाला बजावायच्या. काकासाहेबांना यातलं काय माहीत असणार?

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. इथं तर मागू नका असं लिहिलंय. मी म्हटलं, ते बाकीच्यांसाठी, तुम्ही घरचे. त्यांचा चेहरा उजळला.

बाईंनी पूरियाधनाश्री तासभर गायला. पाणी पिऊन त्यांनी मागं हात केला, जयाला पुढं बोलावण्यासाठी. जया तंबोऱ्यासकट वीतभर सरकली. तेवढ्यात चौथ्या रांगेत काकासाहेब उभे राहिले.

"बाई, भैरवी ऐकवा."

फडात हाका मारून कमावलेला आवाज तो, पार मागच्या झाडापर्यंत गेला. लोक शुक शुक करू लागले. बाईंच्या डोळ्यांवर दिवे होते, त्यांना माणूस दिसला नाही. "बरोबर आहे त्यांचं," त्या माईकमध्ये म्हणाल्या, "मीच लांबवत होते."

दुसरा तंबोरा घेऊन मी बाईंच्या शेजारीच बसले होते, त्यांच्या कानात एवढंच म्हणायचं होतं की हा जयाचा बाप. मी तार छेडत राहिले. मंचावर बाईंना टोकायचं नाही, हे जयाला पहिल्याच वर्षी मी शिकवलं होतं. ती वीतभर मागं सरकली. बाईंनी भैरवी लावली आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं असं लिहायला हवं. मला बरं वाटलं, थंडीत शेकोटीजवळ बसल्यासारखं.

भैरवी संपली, बाईंना धरून गाडीत बसवलं, सतरंज्या गुंडाळायला लागले. काकासाहेब मंचाशी आले. "ताई, तुमी सांगितलं तसंच केलं. बाईंनी मान ठेवला गरिबाचा," ते मला म्हणाले. मग लेकीकडं वळून त्यांनी विचारलं, "आता तू कवा गानार?"

जयानं माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं, ते मला दिसलं. पण नुकसान त्यांच्याच तोंडून झालं, हे ती बापाला कसं सांगणार?

"झालं की बाबा. मी बाईंच्या मागं गायले."

"मला तर त्येंचाच आवाज आला." त्यांनी तिच्या तंबोऱ्याकडं बघितलं. "म्हंजी तू तारंवर बसतीस व्हय?"

जया माझ्याकडं वळली. "ताई," ती म्हणाली, "तुम्ही तरी सांगा ना त्यांना. मी कशी गाते ते."

"शिकतेय अजून," मी म्हटलं.

काकासाहेबांनी मान हलवली. राग नव्हता त्यांच्या तोंडावर, एक ओझं उतरल्यासारखे दिसत होते.

"मग उनाळ्यात उरकून टाकू," ते म्हणाले. लेकीच्या हातातला तंबोरा त्यांनी दोन्ही हातांनी जपून घेतला आणि मला विचारलं, "ह्यो कुठं ठेवायचा, ताई?"