अंगठा लागत नाही!

मित्रांनो, मी एक जुनी कातडी आहे, तुर्भ्याच्या राजाबाईंची. वय वर्षं अठ्ठावन्न. तुमच्या पुस्तकात मला त्वचा म्हणतात. म्हणा बापडे! पण आज माझं डोकं इतकं तापलंय की गोड बोलणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

शरीरातला सगळ्यात मोठा अवयव मी. हृदयावर गाणी होतात, डोळ्यांचं कौतुक होतं, आणि मला काय? खरवडतात! माझे तीन थर. वरची बाह्यत्वचा जंतूंना दारातच अडवते. मधल्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी आणि गरम-गार, टोचलं-दुखलं सांगणाऱ्या नसा. खाली चरबीची गादी. माहेरी साताऱ्याकडे उन्हात शेतातलं तण भांगलताना बाईंना घाम आणून गार कुणी ठेवलं? मीच. अंगठ्यावरच्या रेषा तर बाई आईच्या पोटात असतानाच मी आखल्या. तशा रेषा जगात दुसऱ्या कुणाच्या नाहीत.

लग्न होऊन बाई तुर्भ्याला आल्या. गेली बारा वर्षं त्या घरी लसूण सोलतात. दलाल पोतं दारात टाकतो आणि सोललेला लसूण हॉटेलांना नेतो. लसणाचा रस चरचर चावतो हो! बाईंनी एकदा हातमोजे मागितले, तर दलाल हसला. "मावशी, लसूण सोलताय का ऑपरेशन करताय?" मेल्याला हसू येतंय! सोलली जात होते मी.

मग या वर्षी रेशनच्या दुकानात हुकूम आला. घरातल्या प्रत्येकाने दोन महिन्यांत मशीनवर अंगठा लावायचा, नाहीतर कार्डावरून नाव जाणार. बाईंनी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. दुकानदार हौसेराव म्हणाले, "मावशी, अंगठा मळलाय. घासून या जरा."

आणि बाईंना ते खरं वाटलं! घरी येऊन त्यांनी भांडी घासायची पावडर घेतली, काथ्या घेतला, शेवटी मोरीच्या दगडावर मला घासलं. अगं बाई, मळ नव्हता तो, झिजलेली मी होते! मी आग आग केली, रक्त काढून दाखवलं, पण बाई दातओठ खाऊन घासत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल दिवा.

"नाव कटणार बघा तुमचं," हौसेराव म्हणाले.

"मीच राजाबाई हाय की ओ," बाई एवढंच बोलल्या आणि पदरात हात लपवून घरी आल्या. अठ्ठावन्न वर्षं मी ज्यांच्या अंगावर आहे, त्या बाईंना एक डबडं ओळखत नाही आणि बोल मला! असा संताप आला म्हणून सांगू!

जखम दाखवायला त्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा सरस्वती सिस्टरने अंगठा उजेडात धरला. "मावशी, हा मळ नाही, कातडी गेलीय. सहा आठवडे लसणाला हात लावू नका. तळहाताला स्वतःचं तेल नसतं, म्हणून रोज खोबरेल लावा. रेषांचं मूळ आतल्या थरात असतं. त्या परत येतील."

"मग पोतं कोन सोलनार?" बाईंनी घरी आल्यावर विचारलं.

"आई, टेन्शन नका घेऊ, मी सोलते ना," सून मोनाली म्हणाली. तिचाही अंगठा लावायचा बाकी होता. "तुमचा बरा झाला की दोघी मिळून जाऊ."

मी कामाला लागले. खालून नवी पेशी तयार करायची, वर ढकलायची, वरची मेली की झाडून टाकायची. म्हातारपणी हे सावकाश होतं, पण झालं. एक दिवस बाईंच्या पदराचा काठ मला पुन्हा बोटाखाली कळला.

मुदतीला चार दिवस उरले असताना दोघी दुकानात गेल्या. बाईंनी अंगठा ठेवला. हिरवा दिवा! बाई मोठ्याने हसल्या. मग मोनालीने ठेवला.

लाल.

तिने पदराला पुसून पुन्हा ठेवला. लाल.

हौसेराव मान वर न करता म्हणाले, "वहिनी, अंगठा मळलाय. घासून या."

बाईंनी मोनालीचा हात हातात घेतला. तिच्या अंगठ्यावरून मी फिरले. गुळगुळीत, भेगाळलेला, चरचरणारा. सहा आठवडे माझ्या वाटचा लसूण तिने खाली मान घालून सोलला होता.

"घासायचं न्हाई!" बाई ओरडल्या. सगळी रांग वळून बघायला लागली.

घरी दलाल नवं पोतं टाकत होता. बाईंनी ते ओढून परत त्याच्या पायाशी नेलं. "आधी हातमोजं आन. दोन जोड. मग लसून."

दलाल या खेपेला हसला नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या मावशींचे हात आज एकदा नीट बघा. मोनालीचा अंगठा उरलेल्या चार दिवसांत भरणार नाही. तेवढं जलद कुठल्याच कातडीला जमत नाही हो.