आधी लोकांची

माझ्याकडे मुलं ठेवणाऱ्या बायका मला मावशी म्हणतात, म्हणून मुलंही मावशीच म्हणतात. संध्याकाळी मूल परत देताना ते घासूनपुसून, केस विंचरून, कोरड्या कपड्यांत द्यायचं हा माझा नियम. दिवसभर मुलाला किती गोष्टी सांगितल्या, किती वेळा पडताना झेललं, ते कुणी विचारत नाही. आई दारात येते आणि आधी नखं बघते. एकदा जुळ्यांच्या आईला एका नखात माती दिसली. बाई तोंडाने काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी मुलांच्या पिशवीत नेलकटर घालून पाठवलं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

माझा मुलगा आणि सून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. नातीला सुनेची आई सांभाळायची, पण त्या बाईंचे गुडघे गेले, तेव्हा प्रश्न आला. सुनेच्या मनात मोठ्या रस्त्यावरचं पाळणाघर होतं. तिथे भिंतींवर हत्ती आणि जिराफ काढलेत. मी म्हटलं, "लोकांची पोरं माझ्याकडे वाढतात आणि माझी नात जिराफाकडे?"

"महिनाभर बघू, आई," सून म्हणाली.

ते 'बघू' मला टोचलं. नवीन कामवालीला म्हणतात तसं ते होतं. पण मी हो म्हटलं, कारण मला ती पोर हवी होती. सरळच सांगते. नवरा गेल्यापासून या घरात दिवसभर पोरांचा कलकलाट असतो, आणि संध्याकाळी एकेकाची आई येते, एकेक चप्पल दारातून जाते, आणि मग माझं असं काही उरत नाही. भिंगरी आली तर माझं काहीतरी या घरात असेल, एवढाच माझा स्वार्थ. भिंगरी म्हणजे नात. एका जागी बसत नाही म्हणून मी तिला ते नाव ठेवलं.

पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवलं, की इतर मुलं असताना मला आजी म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. लोकांच्या मुलांना वाटायला नको की म्हातारी दुजाभाव करते. आणि आयांना तर मुळीच नको, त्यांची नाकं फार लांब असतात. म्हणून खेळणं वाटताना भिंगरी शेवटी. खाऊ देताना भिंगरी शेवटी. हात धुवायला, केस विंचरायलाही शेवटी. घरचं माणूस मागे थांबतं, म्हणून तर ते घरचं. मलाही आयुष्यात कुणी आधी वाढलेलं आठवत नाही, आणि माझं काही बिघडलं नाही.

महिना संपत आला होता. त्या दिवशी दुपारची झोप झाल्यावर मी चौघांना खाली अंगणात नेलं. जुळी दोघं, दातांच्या डॉक्टरांचा मुलगा आणि भिंगरी. डॉक्टरांच्या मुलाला मी हवालदार म्हणते, कारण तो सगळ्यांना हुकूम सोडतो. माळी झाडांना पाणी घालता घालता पाइप तसाच टाकून कुठेतरी गेला होता. मी वर गॅस बंद केलाय की नाही ते बघायला गेले आणि आले, तेवढ्यात हवालदाराने नळ सोडून वाफ्याचं तळं केलं होतं. चारही पोरं त्यात बसली होती. कुणाचं नाक कुठलं ते ओळखू येत नव्हतं.

मी कुणालाही मारलं नाही. फक्त जिभेला लगाम राहिला नाही. चौघांना ओळीने जिन्यातून वर आणलं. प्रत्येक पायरीवर आठ पायांचे ठसे उमटले, ते नंतर मीच पुसले.

बाथरूमच्या दाराबाहेर वर्तमानपत्रं पसरली आणि चौघांना त्यांवर बसवलं. माझा गीझर लहान. त्यातलं ऊन पाणी दोन बादल्यांना पुरतं, पुढे नुसतं कोमट, आणि मग थंड. एवढ्यात जुळ्यांच्या आईचा फोन आला, की ती आज लवकर येतेय. म्हणून आधी जुळी. चिखल नुसत्या पाण्याने जातो असं ज्याला वाटतं, त्याने कधी मूल धुतलेलं नसतं. तो कानाच्या वळणात बसतो, मानेच्या घडीत बसतो, बेंबीत बसतो. आधी पाण्याने सैल करायचा, मग साबण, मग बोटाला फडकं गुंडाळून एकेक घडी उघडायची. एक जुळं रडलं की दुसरं साथीला रडतं, आणि डोळ्यांत साबण मात्र माझ्या जातो. त्यांच्यामागून हवालदार. त्याने अंघोळ करतानाही मला पाणी कसं ओतायचं ते शिकवलं.

भिंगरी दाराशी बसून होती. अंगावरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. टॉवेल संपले, म्हणून तिच्याभोवती मी एक जुनी चादर गुंडाळली होती.

"मावशी, माझा नंबर?"

"आधी लोकांची, मग आपली," मी म्हटलं.

"आधी लोकांची, मग आपली," ती गाणं म्हटल्यासारखं म्हणत बसली. रडली नाही. मला तिचा अभिमान वाटला, हेही सांगते. म्हटलं, माझीच आहे.

तिघांना कपडे घालून, केस विंचरून, हातात बिस्किटं देऊन मी वळले, तर दारात सून. दुकानातून लवकर सुटली होती. पोरांसाठी मी दार नुसतंच लोटलेलं ठेवते. ती किती वेळ उभी होती, देव जाणे. तिने तिघं स्वच्छ मुलं बघितली. मग वर्तमानपत्रावरची चौथी बघितली. भिंगरीचे दात वाजत होते.

"आई, माझा नंबर शेवटी असतो," भिंगरी म्हणाली. "मी घरची आहे ना."

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. तिने बादलीत हात घातला. पाणी थंड होतं. तिने हात बाहेर काढला आणि चादरीसकट पोरीला उचललं. दुकानाचा पांढरा कोट चिखलाने भरला.

"अगं, आता तिचाच नंबर होता," मी म्हटलं. "लोकांच्या मुलांना जरा कमीजास्त झालं तर उद्या येतील का ती? ही आपली आहे. आपल्या माणसाला थांब म्हणता येतं."

"कळलं, आई," ती म्हणाली. "म्हणून आता तिला लोकांकडेच ठेवते. तिथे ती लोकांची असेल. तिचा नंबर आधी लागेल."

पोर तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत गेली. मी पाठोपाठ जिन्यापर्यंतही गेले नाही. घरात तीन मुलं होती, ती टाकून कशी जाणार?

थोड्या वेळाने जुळ्यांची आई आली. तिने नखं बघितली, कानामागे बघितलं, आणि खूश होऊन म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे मुलं असली की मला घोर नसतो." मी हसले. हसणं हाही कामाचाच भाग आहे. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "मी काय बोलू, आई?" तो जन्मात कधी काही बोलला नाही, आता कुठून बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

रविवारी मुलगा, सून, नात तिघं जेवायला आली. भिंगरी आता जिराफाकडे जाते. मी तिला हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये नेलं आणि कानामागे बघितलं. मानेची घडी उघडून बघितली. कुठे मातीचा कण नव्हता. थोडी तरी असायला हवी होती. मी एवढी वाईट आहे, की मला तिथे माती हवी होती.

सकाळीच मी गीझर लावून एक बादली ऊन पाणी भरून ठेवलं होतं. नवा टॉवेल काढला होता.

"चल, आज तुझा नंबर पहिला," मी म्हटलं.

तिने बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझी अंघोळ झाली, मावशी."

"आजी म्हण गं. आज रविवार आहे, कुणी नाही."

पण ती गिरकी घेऊन बाहेर पळाली होती. बाहेरून सुनेने विचारलं, पानं घेऊ का म्हणून. मी घे म्हटलं. ऊन पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यात उद्याच्या मुलांचे टॉवेल भिजत घातले.