उठा, बंद होतंय!

विद्यापीठाच्या वसईतल्या ‘ग्रंथालय व माहिती प्रशाले’च्या नावातून ‘ग्रंथालय’ काढायचं की ठेवायचं, यावर वर्षभर वाद रंगला. एवढीशी प्रशाला, पण भांडण असं की जणू कुणी किल्ल्यावरच हक्क सांगितलाय. प्रमुख विनिता वर्तक म्हणायची, “पाटीवर ‘ग्रंथालय’ वाचलं की पोरं दारातूनच परत जातात. पोरं आली नाहीत तर जूनमध्ये कुलूप लागेल.”

विरोधात उरले एकटे प्लासिड सर. तिला हा विषय शिकवणारे, निवृत्तीनंतरही गास गावाहून रोज सायकलने वाचायला येणारे. “संगणक दोन, त्यातला एक बंद,” ते हसले. “नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!”

“सर, तुमचं झालं. आता आम्हाला बघू द्या,” ती फटकन म्हणाली. तेच शेवटचं बोलणं ठरलं. नाताळाआधी सर वारले आणि जानेवारीत नाव बदलण्याचा ठराव झाला. जिंकल्याचा आनंद काही तिला झाला नाही.

सरांनी एक रीत घालून दिली होती. दिवेलागणीला कुलूप लावण्याआधी शिपायाने दारात उभं राहून हाक द्यायची, “ग्रंथालय बंद होतंय हो, उठा!” आत चिटपाखरू नसलं तरी. मग रिकाम्या खुर्च्या करकरत. जुनं लाकूड, म्हणून सगळे सोडून देत. वाकून कुणी बघत नसे.

वाचनाच्या खोलीवरही ‘माहिती केंद्र’ अशी नवी पाटी लागली त्या संध्याकाळी शिपाई विठ्ठलने हाक दिली, “माहिती केंद्र बंद होतंय हो, उठा!” आणि तो कुलूप हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“मॅडम, कोनीच उठलं नाय.”

“आत आहे कोण उठायला?”

“रोज उठायचे,” तो म्हणाला. किल्ल्या तिच्या हातात देऊन तो अर्नाळ्याला घरी गेला तो गेलाच.

मग विनिता हाक न देताच कुलूप लावू लागली आणि सकाळी खुर्च्या मागे ओढलेल्या दिसू लागल्या. एकदा आर्या नावाची विद्यार्थिनी दारातच थबकली. “मॅडम, बसायला जागाच नाही.”

विनिताने आत पाहिलं. सगळं रिकामं. “अगं, एवढ्या खुर्च्या आहेत की!”

“हो की,” आर्या गोंधळून म्हणाली, पण आत काही आली नाही. “जागा झाली की येते.” हळूहळू सगळीच मुलं असं म्हणून परतू लागली. ज्या कुलपाच्या भीतीने नाव बदललं, ते कुलूप दारात येऊन उभं राहिलं.

शेवटी एका संध्याकाळी विनिता एकटीच दारात उभी राहिली. तिने सरांची जुनीच हाक दिली.

“ग्रंथालय बंद होतंय हो, उठा!”

खुर्च्या करकरल्या. एकामागून एक गार झुळका तिला चाटून बाहेर गेल्या. सर रोज बसत ती खिडकीजवळची खुर्ची तेवढी हलली नाही.

“सर,” तिला रडू फुटलं, “घरी जा ना आता.”

पान उलटल्याचा आवाज आला. सरांच्या शेजारची खुर्ची हळूच मागे सरकली.

“ये गं, बस,” सर वर्गात बोलावत तसंच कुणीतरी म्हणालं. “जागा झालीय.”

विनिता जाऊन बसली. बाहेरून हाक मारायला आता कुणीच नव्हतं.