पाहुण्याचा आवाज

तलासरी नाक्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जातीचा दाखला, रेशनकार्ड, पीएफ, जे म्हणाल ते. वैवाहिक स्थिती विचारली की आमच्या लोकांचं उत्तर ठरलेलं असतं: "लगीन? त्या व्हायचा हाय, बाय." आणि मागे दोन पोरं उभी असतात. मी डोक्याला हात लावते आणि 'विवाहित' करून टाकते, नाहीतर फॉर्म परत येतो.

हसू नका, माझंही तसंच होतं. नितीनबरोबर आठ वर्षं नांदत होते, चिमी सहा वर्षांची झाली होती, पण भिंतीवर चौक लिहिलेला नव्हता. चौक म्हणजे तांदळाच्या पिठाने लिहिलेली लग्नाची देवी. तो लिहून, लग्न लावणाऱ्या धवलेरी बाईने गाणी म्हटल्याशिवाय आमच्यात लग्न लागलं असं कोणी म्हणत नाही, आणि तोवर एकत्र राहायला कोणी अडवतही नाही. आधी घराचे पत्रे, मग चिमी, मग सासूचं आजारपण, असं करत ते राहून गेलं.

नितीन वडापची गाडी चालवतो. त्याचा आवाज असा की नाक्यावरून गावाचं नाव, "उधवा, उधवा", ओरडला की माझ्या दुकानातल्या काचा थरथरायच्या. घरी मात्र गप्प. संध्याकाळी दारात चप्पल काढता काढता तो एवढंच म्हणायचा, "पगू, चा ठेव." माझं नाव प्रगती. पगू फक्त तोच म्हणतो. आठ वर्षं तेच वाक्य ऐकून मी कंटाळले होते, खोटं कशाला सांगू.

म्हणून तो गेम घेतला. 'वाघाची नवरी' नाव, अठरा वर्षांच्या वरच्यांसाठी. जंगलातल्या महालात शाप लागलेला एक राजपुत्र असतो, अंगाने माणूस, डोळे वाघाचे. त्याचे चार आकडे: रूप, धीर, माया, आवाज. रोज पाच गुण मिळतात, ते आपण वाटायचे. आकडे वाढले की तो जवळ येतो, आणि जवळ आल्यावर जे लिहून येतं ते मी इथे सांगणार नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं ओढून मी खेळायचे आणि एकटीच लाजायचे.

सुरुवातीला गेमने फॉर्म भरायला लावला. फॉर्म दिसला की माझा हात आपोआप चालतो. विवाहित की अविवाहित? दिवसभर लोकांसाठी खोटं लिहिणारी मी, स्वतःसाठी खरं लिहून बसले: अविवाहित. पुढे विचारलं, घरात आणखी कोण? आई, वडील, भावंडं, मूल, पाहुणा. नवऱ्याचा रकानाच नव्हता. चिमीला कशाला यात आणा, म्हणून तिला वगळलं. नितीनला मात्र पाहुण्यात टाकलं, नाव लिहिलं आणि गंमत वाटली मला.

राजपुत्र मुका होता. नुसतेच ओठ हलायचे, खाली अक्षरं यायची. मला त्याला ऐकायचं होतं, म्हणून रोजचे पाच बहुतेक आवाजातच घातले.

दुसऱ्या आठवड्यात नितीनची शिट्टी वाजेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्यात तो नाक्यावर ओरडेना, गाडीवर थाप मारून पॅसेंजर बोलवायला लागला. मी म्हटलं, तंबाखू सोड. डहाणूला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी नळी घालून बघितलं आणि घसा स्वच्छ आहे म्हणाले. महिना भरला तेव्हा नितीनच्या तोंडून नुसता वारा यायचा. तो माझ्याकडे बघून ओठ हलवायचा आणि मला खाली अक्षरं शोधायची सवय लागली होती, याची मला आजही शरम वाटते.

त्या बुधवारी दुपारी राजपुत्राचा आवाज शहाण्णव झाला आणि तो पहिल्यांदा बोलला.

"पगू," तो म्हणाला, "चा ठेव."

हातातला घास खाली पडला. मी गेम काढून टाकला. फोन बंद करून चालू केला, तर गेम आपल्या जागी होता. आत जाऊन पाहुण्याचं पान उघडलं. तिथे नितीनचं नाव होतं आणि पुढे आवाज: चार. मी घाईघाईने वर जाऊन 'विवाहित' केलं. खाली ओळ आली: 'लग्न लागलेलं दिसत नाही.'

गुरुवारी मी एकही गुण दिला नाही. तरी आकडा सत्त्याण्णव झाला. मी हिशोब केला, रविवारी शंभर. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शंभरला वराचा होकार.'

मग लग्न लावायचंच, असं मी ठरवलं. खरं लग्न लागलं की नितीन पाहुणा राहणार नाही, घरचा होईल, आणि त्याचं त्याला परत मिळेल. फॉर्म दुरुस्त करायची ती एकच वाट मला दिसत होती. नितीनला सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने माझं डोकं छातीशी धरलं आणि मी खूप रडले.

धवलेरी रखमी म्हातारी डोंगरातल्या पाड्यावर राहते. ती रविवारशिवाय मोकळी नव्हती. "पोर झाली, दात पडाय लागलं तिचं, नि आता आठवला काय गो चौक?" असं म्हणून तिने मला सगळ्यांसमोर झाडलं.

रविवारी सकाळी बायकांनी भिंत सारवून चौक लिहिला. मी फोन बंद केला आणि मागच्या भिंतीशी असलेल्या भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून पुरला. मग येऊन उभी राहिले. नितीन आणि माझ्यामध्ये पडदा धरला. रखमीचं गाणं सुरू झालं, आणि महिन्यात पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

आमच्या पाड्यावर धवलेरी आधी वराला विचारते, मग वधूला. तीनदा विचारते, आणि उत्तर तोंडानेच द्यावं लागतं; घाईत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही तर चौक पुसतात.

"नितीन, नेशील काय हिला?"

मी पडद्याला कान लावला.

"नितीन, नेशील काय हिला?"

बायका कुजबुजायला लागल्या. मी मनात म्हणत होते, बोल रे, एवढं एकदा बोल, मग जन्मभर चहा करीन.

"नितीन, नेशील काय हिला?"

"हो."

त्याचाच आवाज, भरदार, काचा हलवणारा. घरात हसू फुटलं, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, चिमी "पप्पा बोलले" म्हणून ओरडली. मला इतका आनंद झाला की रखमीने माझ्याकडे वळून नीट विचारायच्या आत मी म्हणून टाकलं, "हो, हो, हो." तिन्ही वेळचं एकदम. सगळे आणखी हसले.

पडदा खाली आला.

नितीनचे ओठ घट्ट मिटलेले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो माझ्याकडे बघून मान हलवत होता. नको, नको. किती वेळ हलवत होता कोण जाणे. लोक आमच्यावर तांदूळ टाकत होते. त्याच्या मागे कणगी होती, आणि तिच्यातून तो आवाज पुन्हा आला, अगदी घरच्यासारखा.

"पगू, चा ठेव."