मून वॉचमनचं नवं नाव

"इथे उघडू नकोस," जयंत म्हणाला. पण तोवर उमाकांतने खोक्याची चिकटपट्टी ओढून काढलीही होती.

खोक्यावर झगझगीत अक्षरांत नाव होतं, 'कॉस्मो बडी'. आत पत्र्याचा वीतभर रोबो. चौकोनी डोकं, छातीवर रंगवलेल्या तबकड्या, पाठीत किल्ली. उमाकांतच्या मुलीने तो सिंगापूरहून पाठवला होता आणि उमाकांत तो सोडाल्यातल्या आपल्या घरून राजा पार्कात जयंतकडे स्कूटरच्या डिकीत घालून घेऊन आला होता.

जयंतने कपाटाकडे पाहिलं. काचेमागे तोच रोबो उभा होता, रंग उडालेला. त्याच्या जुन्या खोक्यावरचं नाव मात्र 'मून वॉचमन'.

विमा खात्यातून निवृत्त झाल्यावर जयंत जयपुरातच राहिला. बदलीच्या प्रत्येक गावी त्याने पत्र्याची जुनी खेळणी हुडकली, पुसूनपासून जपली. मून वॉचमन मात्र हुडकलेला नव्हता. त्याचे वडील, नाना, मुंबई बंदरात नोकरीला होते. एका जपानी बोटीवरच्या माणसाने त्यांना तो भेट दिला. नानांनी तो कपाटात ठेवला आणि शाळकरी जयंतला सांगितलं, "लांबून बघायचं." नाना गेले, कपाट जयपूरला आलं, लांबून बघणं तसंच राहिलं.

"जुना रोबो नव्या नावाने बाजारात आणला, त्यावरून आमच्या इंटरनेटवरच्या गटात नुसती भांडणं चालू आहेत," जयंत म्हणाला. "एक जर्मन गृहस्थ तर गट सोडून गेला. म्हणे, रंग बदलला असता तरी चाललं असतं, नाव कशाला बदललं? दुसरा म्हणतो, निदान आता पोरं तरी खेळतील."

"अन् तू काय लिहिलं?"

"नक्कल ती नक्कल, एवढंच."

"न पाहताच?" उमाकांत हसला. तो नागपूरचा, बँकेतून निवृत्त झालेला. त्याच्याकडे गाड्या होत्या, आगगाड्या होत्या, रोबो एकही नव्हता. "माझ्या डोक्यात कालपासून एकच गोष्ट फिरून राहिली. हा करतो काय?"

"चालत असेल."

"असेल? अरे, तुझ्या घरात आहे ना हा लहानपणापासून?"

उमाकांतने किल्ली दिली आणि रोबो फरशीवर ठेवला.

तो घरघरत चार पावलं गेला आणि थांबला. डोकं सावकाश डावीकडे वळलं, मग उजवीकडे. छातीचं दार फटकन उघडलं, आत लाल कंदील गरगर फिरला, दार मिटलं. रोबो पुढे निघाला.

"अरे!" जयंत खुर्चीतून उठला. "गस्त घालतोय हा! म्हणून वॉचमन!"

"अन् यांनी बडी केला त्याचा."

जयंतचं लक्ष नव्हतं. त्याने कपाट उघडून जुना रोबो बाहेर काढला, धोतराच्या मऊ फडक्याने उगाचच पुसला आणि किल्लीला हात घातला.

"जपून," उमाकांत म्हणाला.

किल्ली फिरली. अडली नाही, घट्ट झाली नाही. नुसती फिरतच राहिली.

"स्प्रिंग तुटली आहे," उमाकांत हळूच म्हणाला. "आजची नाही ही. कधीचीच असेल."

जयंतने रोबो कानाशी धरून हलवला. आत काहीतरी बारीक खुळखुळलं.

"मी तर कधी हातच लावला नाही," तो म्हणाला. बराच वेळ तो त्या चौकोनी चेहऱ्याकडे बघत राहिला. "उमाकांत, नानांनीच चालवला असेल का रे? आम्ही झोपल्यावर वगैरे?"

"असेल. कोणाला राहवेल?"

"चालवलाच असेल," जयंत म्हणाला. जुना रोबो त्याने टेबलावर ठेवला आणि स्वतः फरशीवर बसला. "नव्याला किल्ली दे परत. पूर्ण दे."

या वेळी रोबो तिरका गेला आणि थेट दिवाणाखाली शिरला. इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता जयंत पालथा झाला आणि त्याने गाल फरशीला टेकवला.

सून मैत्रेयी चहा घेऊन आली ती दारातच थबकली. "बाबा! पडलात का? काकाजी, काय झालं यांना?"

"काही नाही गं," जयंत तसाच म्हणाला. "थांब जरा."

हात पुरेल इतक्या अंतरावर रोबो थांबला होता. अंधारात छातीचं दार उघडलं, लाल कंदील फिरला. जयंतने हात पुढे केला नाही.