पाहुण्यांचा माईक

मिक्सर होता एवढासा, जेवणाच्या ताटाएवढा, पण साऊंडवाल्या मालोजीचा तोरा असा की जणू रेडिओ स्टेशनच उचलून आणलंय. कोंडाणे गावात रोहिदासच्या मुलीची, अक्षदाची हळद होती. मांडवाच्या कोपऱ्यात टेबल टाकून हा गडी सकाळपासून "हॅलो चेक, हॅलो चेक" करत बसला होता. चेक म्हणजे तरी काय करतोय, तर सगळी बटणं उजवीकडे पिळतोय. शेजारी बसलेल्या बायजा धवलारणीला त्याची कीव आली असती, पण कीव करण्याइतकाही तो तिला आवडला नव्हता.

बायजाने चाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या हळदींना धवला गायला होता. देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं, हे तिचं काम. आता मांडव मोठे झाले, मागे जनरेटर घुरघुरतो, म्हणून तिच्याही हाती माईक आला.

तिने पहिली हळद अक्षदाला लावली, माईक धरला आणि सूर लावला. कर्ण्यातून निघाली ती नुसती कुजबुज. मालोजीने आणखी बटणं पिळली. कर्णा शिट्टी मारून किंचाळला, बायकांनी कान झाकले.

"आवाज नाय उरला म्हातारीचा," मालोजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मशीन काय करणार? माज्या मोबाईलमंदी धवला हाय, तोच लावू."

रोहिदासने मान खाली घातली. "काकी, राग मानू नको. लावू दे त्याला."

 आज मोबाईल गायला की उद्या बायजाला कुठल्याच मांडवात कुणी बोलावणार नव्हतं. खरंच गेला का आवाज? असल्या उंडग्याच्या तोंडून ते ऐकावं लागलं, याचा तिला जास्त संताप आला. मालोजी मात्र मोबाईल लावायच्या आधी विजयी वीरासारखा चहा प्यायला गेला.

"आजे, इकडं बघ," पाटावरून अक्षदा हळूच म्हणाली. कॉलेजच्या गॅदरिंगला मिक्सर तीच सांभाळायची. पण धवला संपेपर्यंत नवरीने पाट सोडायचा नसतो. "तुजा आवाज गेला नाय. त्यानं तुज्या माईकची वायर मिक्सरच्या मोबाईल लावायच्या भोकात घातलीय. तिथं माईक लावला की आवाज बारीकच येतो. तो रुमालात गुंडाळलेला उचल."

तो माईक मालोजीने पाहुण्यांच्या भाषणासाठी राखून ठेवला होता. बायजाने रुमाल सोडून बाजूला टाकला.

"त्याची वायर दोन नंबरच्या भोकात हाय. त्या रांगेचं सगळ्यात वरचं बटण पार डावीकडं ने. आता गात गात हळूहळू वाढव. हिरवा दिवा लागू दे, तांबडा लागला की जरा मागं घे. खाली इको लिवलंय, ते बंद कर. मंग सगळ्यात खालचं, कर्ण्यात आवाज सोडणारं, अर्ध्यावर आण."

इतकंच? एवढ्यासाठी या माणसाने सकाळपासून मांडव डोक्यावर घेतला होता? बायजाची हळदीची बोटं बटणावर फिरली. हिरवा दिवा लागला. तांबडा चमकला, तिने बटण केसभर मागे घेतलं. मग उभी राहून तिने रोहिदासच्या गेलेल्या आईला नाव घेऊन हाक मारली.

आवाज मांडवाच्या पार टोकापर्यंत गेला. थोडा चिरका, म्हातारा, पण तिचाच. रोहिदासने डोळे पुसले. आपला आवाज आहे, या आनंदाने बायजाचा ऊर भरून आला, आणि तिने एकही नाव न गाळता धवला पुरा केला.

शेवटचं नाव घेतल्यावर तिला एक नंबरच्या भोकात मालोजीच्या "हॅलो चेक"वाल्या माईकची वायर दिसली. त्या रांगेचं सगळ्यात खालचं बटण तिने डावीकडे शेवटपर्यंत नेलं.

मालोजी धावत आला, टेबलावरचा आपला माईक ओढून घेतला आणि पाहुण्यांचं स्वागत करू लागला. ओठ हलत होते, छाती फुगली होती, कर्णा ढिम्म होता. त्याने माईकवर टिचक्या मारल्या, फुंकर घातली. पाटावर अक्षदाने पदर तोंडावर घेतला. बटणांवरचे पिवळ्या बोटांचे ठसे त्याच्या नाकासमोर होते, पण त्याला ते दिसले नाहीत.

बायजाने पाहुण्यांचा माईक तोंडाशी धरला.

"मालोजी," ती म्हणाली, आणि अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं, "आवाज नाय उरला रं तुजा."